लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला

बेळगावाकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा ग्राफ, काढतो. भर पावसाळ्यात जंगलाकडच्या गावातनं एक आजोबा आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेस पाहिजे होता. सदरा काढता काढता म्हणाले, "चढ चढलो की हितं धडधडालंय बघा," आणि हात ठेवला उजव्या छातीवर. म्हटलं, असेल, म्हाताऱ्याला डावं-उजवं उमगत नसेल.

ग्राफ निघाला आणि माझं डोकं फिरलं. लीड म्हणजे हृदयाकडं एकेका बाजूनं बघून काढलेली रेघ. पहिल्या लीडमध्ये ठोक्याच्या पी, क्यूआरएस, टी या लाटा सगळ्याच खाली. आणि एरवी तोंड खाली घालून असणारी एव्हीआर ही लीड ताठ वर! असं दिसलं की पहिला संशय हाताच्या तारांवर. ईसीजीचं मशीन घडवणाऱ्या आइन्थोव्हेन यांच्या काळी पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवत, आता क्लिपा आल्या. पण पहिली लीड म्हणजे उजव्या-डाव्या हातातल्या विजेच्या दाबाचा फरक, हे काही बदललेलं नाही. हात उलटले की ती लीड उलटते. नवीन असताना ही चूक करून मी बोलणी खाल्लीत.

बघितलं, लाल उजव्या मनगटाला, पिवळी डाव्या. सगळं काढलं, जेल पुसलं, परत लावलं. तोच ग्राफ.

मग छातीच्या लीड नीट बघितल्या. व्ही१ ते व्ही६ अशा त्या सहा, छातीच्या मधनं डाव्या कुशीकडं जाणाऱ्या. आर लाट, म्हणजे क्यूआरएसचं वरचं टोक, व्ही१ पासून पुढं वाढत जायला हवी. इथं ती खुजी होत होत व्ही६ला जवळजवळ मावळलेली. हाताच्या तारा चुकल्या तर छातीच्या लीड बिघडत नाहीत. म्हणजे चूक माझी नव्हतीच.

डॉक्टर धारवाडकडचे. त्यांनी स्टेथोस्कोप डावीकडं ठेवला, मग उजवीकडं सरकवला आणि थांबले. "बलगडे ऐति!" उजवीकडं आहे, असं कानडीत म्हणाले. छातीला चिकटवायचे तारांचे बल्ब आरशातल्यासारखे उजवीकडं लावले, हाताच्या तारा मुद्दाम बदलल्या, आणि ग्राफ अगदी नॉर्मल.

आजोबांनी पिशवीतनं रेशनकार्डाबरोबर खोकल्याच्या वेळचा जुना एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला, हृदय डावीकडं येईल असा. सवयच ती. पण कोपऱ्यातलं ‘एल’ अक्षर उलटं दिसत होतं. फिल्म फिरवली, अक्षर सरळ झालं आणि हृदय उजवीकडं गेलं. आधीही कुणीतरी ती अशीच ‘सरळ करून’ बघितली असणार.

"काय झालंय हो?" आजोबा घाबरले. मी सांगितलं, तुमचं काळीज जन्मापासनं उजवीकडं आहे, आजार नव्हे.

"मग मघाशी काय सांगिटलो मी?"

दोन्ही ग्राफवर मी पेनानं इंग्रजीत लिहिलं, तारा कुठं कशा लावल्या ते. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, परत माझ्यापुढं धरला.

"मराठीतबी लिवा की. डोळा झाल्यावर वाचतो."