तुम्ही विचारलंत म्हणून : एका लॉकचा आवाज

दर भारतभेटीत, सांगलीला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवसाच्या चहापर्यंत, कुणीतरी मला हा प्रश्न विचारतेच : "ज्यांनी ओबामाला दोनदा निवडून दिलं, त्याच लोकांनी ट्रम्पला कसं काय निवडलं? आधीचं खोटं होतं की नंतरचं?" विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. मामांच्या मते अमेरिकन माणूस मुळातच दांभिक, भाच्याच्या मते सगळा खेळ नोकऱ्यांचा आणि महागाईचा. मी व्हर्जिनियात तीस वर्षे राहते आणि तिथे मतदान करते, म्हणून दोघेही माझ्याकडे पाहतात, आणि मी "फार गुंतागुंतीचं आहे हो" असे म्हणून विषय बदलते. या खेपेला मात्र मावसभावाने जरा टोचूनच विचारले, "तू तर ओबामासाठी दारोदार हिंडली होतीस ना? मग तुला तरी सांगता यायला हवं." ते मनाला लागले, म्हणून एकदाचे लिहून टाकते आहे.

आधी प्रश्नातली चूक. मतदानोत्तर चाचण्यांनुसार २००८ साली ओबामांना गोऱ्या मतदारांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनी मत दिले होते आणि २०१२ साली सुमारे ३९ टक्क्यांनी. १९६४ च्या लिंडन जॉन्सन यांच्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या एकाही उमेदवाराला गोऱ्यांचे बहुमत मिळालेले नाही. तेव्हा साऱ्या गोऱ्या अमेरिकेने एका काळ्या माणसाला डोक्यावर घेतले आणि पुढे तिचे मन फिरले, ही तुमच्या मनातली गोष्ट घडलेलीच नाही. पण तुमचा प्रश्न पूर्णपणे चुकीचाही नाही, कारण दोन्ही वेळा ओबामांना कौल देऊन २०१६ साली ट्रम्प यांच्याकडे गेलेल्या काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) दोनशेहून अधिक आहेत. तिथल्या माणसांविषयी मला काही कळते असे मी म्हणते, त्याचे कारण या आकड्यांत नाही. ते माझ्या जुन्या होंडा गाडीच्या लॉकमध्ये आहे.

त्याआधी २००६ सालचे थोडे सांगायला हवे. त्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाचे सेनेटर जॉर्ज ॲलन यांनी एका प्रचारसभेत, कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या कार्यकर्त्याकडे बोट दाखवून त्याला दोनदा 'मकाका' म्हटले आणि अमेरिकेत त्याचे स्वागत असो, असेही सुनावले. तो मुलगा भारतीय वंशाचा होता आणि जन्माने व्हर्जिनियाचाच होता. मकाक ही माकडांची एक जात आहे. ॲलन ती निवडणूक साडेनऊ हजारांहून कमी मतांनी हरले. वर्षानुवर्षे ग्रीन कार्डावर निवांत राहिलेल्या मी त्याच आठवड्यात नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला. माझा राग खरा होता, परंतु आज तो पुन्हा आठवून पाहिला तर त्यातला एक सूर मला खटकतो. "आम्हाला माकड म्हणतोस? आम्हाला?" असे मी घरात म्हणाले होते. त्या दुसऱ्या 'आम्हाला'वर जो जोर होता, त्याचा अर्थ दुसऱ्या कुणाला म्हटले असते तर निदान समजण्यासारखे होते, असा होत होता. तेव्हा तो माझ्या लक्षात आला नाही.

२००८ च्या सुरुवातीला मी नागरिकत्वाची शपथ घेतली. १८ मार्चला ओबामांनी फिलाडेल्फियात वर्णाच्या प्रश्नावर ते गाजलेले भाषण केले, ज्यात त्यांनी आपल्या गोऱ्या आजीविषयी सांगितले : नातवावर जिवापाड प्रेम करणारी ही बाई रस्त्याने जाणाऱ्या काळ्या पुरुषांची भीती वाटते, अशी कबुली देत असे. ज्या माणसांना आपण टाकू शकत नाही त्यांच्यातही ही भीती असते, असा त्यांचा मुद्दा होता. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ते ऐकताना माझे डोळे भरून आले आणि त्या आजीची मला कणव वाटली. कणव आपल्यापेक्षा खालच्या पायरीवरच्या माणसाची येते, याचा विचार तेव्हा केला नाही.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मी रिचमंडच्या चर्च हिल भागात प्रचाराला गेले. आम्ही राहतो ती हेनरायको काउंटी तिथून अर्ध्या तासावर, पण चौदा वर्षांत मी त्या भागात पाय ठेवला नव्हता. डग्लस वाइल्डर लहानाचे मोठे झाले ते याच वस्तीत. १९८९ सालची निवडणूक जिंकून ते व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले, देशातले निवडून आलेले पहिले काळे गव्हर्नर. चाचण्यांत ते चांगले पुढे दिसत होते, प्रत्यक्षात सुमारे अठरा लाख मतांत सात हजारांहूनही कमी फरकाने जिंकले. चाचणीवाल्याला एक सांगायचे आणि पडद्याआड दुसरेच करायचे, या गोऱ्या मतदाराच्या सवयीबद्दल आम्हा कार्यकर्त्यांना मुद्दाम सावध केले होते. ती सवय कार्यकर्त्यांनाही असू शकते, हे कुणी सांगितले नव्हते.

साडेपाच वाजले होते. पत्त्यांची यादी मांडीवर घेऊन मी गाडीत बसले होते आणि पुढचे घर शोधत होते. समोरून एक काळा गृहस्थ चालत येत होता, पन्नाशीचा, अंगात करड्या रंगाचे जाकीट, हातात दुधाची कॅन. तो गाडीपासून दहा-बारा पावलांवर आला तेव्हा माझ्या डाव्या हाताने दारावरचे बटण दाबले. चारही दारे एकदम 'खट्' झाली. काच अर्धी खाली होती, म्हणजे त्या लॉकचा तसा उपयोगही शून्य होता. त्याने मान वळवली, माझ्याकडे पाहिले, मग बंपरवरच्या ओबामांच्या स्टिकरकडे पाहिले आणि तो चालत पुढे गेला. पुढचे दहा मिनिटे मी यादी वाचण्याचे सोंग केले. मग उतरून दोन घरे केली आणि तिसऱ्या घराची बेल वाजवली, तर दार त्यानेच उघडले.

मी पाठ केलेले वाक्य म्हटले. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाला, "मत आम्ही देणारच आहोत. त्यासाठी तुम्ही इतक्या लांब यायची गरज नव्हती." मग जरा थांबून, "तुमच्या गाडीचं लॉक चांगलं वाजतं." चेहऱ्यावर हसू नव्हते आणि रागही नव्हता. मी काय उत्तर दिले ते मला खरोखरच आठवत नाही. काहीतरी पुटपुटले असेन.

आता माझा बचाव. मी एकटी बाई होते, वस्ती अनोळखी होती, दिवस कलत होता. कुठलीही बाई हेच करते, आणि पुरुषांनी त्यावर व्याख्यान देऊ नये. हे सगळे मी स्वतःला कितीतरी वेळा ऐकवले आहे आणि त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. फक्त त्याच जागी, त्याच्या पाच मिनिटे आधी, दोन गोरे तरुण मोठमोठ्याने बोलत गाडीला जवळजवळ घासून गेले होते, आणि माझा हात जागचा हलला नव्हता.

हा हात अमेरिकेने घडवला, असे म्हणण्याची सोय मला नाही. ज्या जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्यांच्या मुलुखातून मी आले, आणि आमच्या घरी अंगण झाडायला येणाऱ्या बाईला पाणी वरून ओंजळीत ओतले जायचे. कुणापासून किती अंतरावर राहायचे, हे शिक्षण माझे विमानात बसण्यापूर्वीच पूर्ण झाले होते. इकडे आल्यावर फक्त माणसे बदलली.

त्या गृहस्थाने दार लावले नाही. त्याने एक काम सांगितले. मतदानाच्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, त्याची पाळी सुटणार नव्हती आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला केंद्रावर नेणारे कुणी नव्हते. "गाडी तर तुमच्याकडे आहे," तो म्हणाला. हा टोमणा होता, विश्वास होता की निव्वळ अडचण होती, यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

म्हातारबाई सकाळी सहा वाजता टोपी घालून ओट्यावर तयार बसल्या होत्या. उभे आयुष्य त्यांनी रिचमंडच्या तंबाखू कारखान्यात पानांच्या शिरा काढल्या होत्या. रांगेत खुर्ची मिळाल्यावर त्यांनी पर्समधून बायबल काढले आणि त्यातून तीन पिवळट चिठ्ठ्या. मतदान कराच्या पावत्या होत्या त्या, प्रत्येकी दीड डॉलरच्या. व्हर्जिनियात मत द्यायचे तर तीन वर्षांचा कर, निवडणुकीच्या सहा महिने आधी, भरलेला असावा लागे. शिवाय नोंदणीसाठी अधिकाऱ्यासमोर बसून, कुणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या अक्षरात नाव, वय, जन्मतारीख, व्यवसाय असे सगळे लिहून द्यावे लागे. राज्याच्या निवडणुकांतला हा कर सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली रद्द केला. "तेव्हाचे साडेचार डॉलर म्हणजे काय, तुला कळायचं नाही," त्या म्हणाल्या आणि पावत्या पुन्हा त्याच पानात ठेवल्या. दोन तासांनी त्यांचा नंबर लागला. त्या रात्री व्हर्जिनियाने ४४ वर्षांत प्रथमच अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅट उमेदवाराला कौल दिला.

आणि मी काय केले? आमच्या मंडळाच्या संक्रांत अंकात लेख लिहिला. "या देशाने शतकांचे पाप एका दिवसात धुऊन काढले," असे त्यात एक वाक्य आहे. पावत्यांविषयी मी रंगवून लिहिले, लॉकविषयी अवाक्षर नाही. तो लेख मी मध्यंतरी पुन्हा वाचला आणि लिहिणाऱ्या बाईला खडसावून विचारावेसे वाटले : पाप कुणाचे, धुतले कुणी, आणि तू त्यात कुठे होतीस? तिची बाजू घेऊन एवढेच म्हणता येईल की तिने म्हातारबाईंना मतपत्रिकेसमोर टोपी नीट करताना पाहिले होते, आणि ते पाहिलेल्या माणसाने त्या आठवड्यात दुसरे काही लिहिणे अवघड होते.

जुलै २०१३ मध्ये, ट्रेव्हॉन मार्टिन या निःशस्त्र काळ्या मुलाला गोळी घालून मारणारा निर्दोष सुटल्यानंतर, ओबामा पत्रकारांसमोर आले आणि त्यांनी सांगितले की रस्ता ओलांडताना गाड्यांच्या दारांची लॉक खटकन लागल्याचा आवाज ऐकला नाही असा काळा पुरुष विरळाच, आणि सेनेटर होण्यापूर्वी तो आवाज त्यांनीही ऐकला आहे. मी टीव्ही बंद केला. ज्याचे स्टिकर मागच्या बाजूला चिकटवून मी पुढे बटण दाबले होते, तोच ते बोलत होता. दोन दिवसांनी मी त्या गृहस्थाला फोन केला. त्याच्या आईच्या निधनानंतर आमचे बोलणे तुरळकच होते. पाच वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळबद्दल माफी मागायची आहे, असे मी म्हणाले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुम्हाला ते एक आठवतं. मी त्यातलं कुठलं आठवावं?"

माफी मिळाली का, हे मला त्या फोनवर कळले नाही आणि पुन्हा विचारण्याची हिंमत झाली नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आमच्या ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने दोन्ही वेळा ओबामांना मत दिले आणि २०१६ साली ट्रम्प यांना. मी त्याच्याशी कडाक्याचे भांडले. तो म्हणाला की ओबामांना मत देताना आपण चांगले आहोत असे वाटले होते, पण पुढे प्रत्येक बातमीत आपल्यालाच आरोपी केले जाते आहे असे वाटू लागले, आणि २०४५ च्या सुमारास गोरे निम्म्यांहून कमी होतील हा जनगणना खात्याचा अंदाज तर त्याला तोंडपाठ होता. त्याची भीती मला अन्याय्य वाटते, आणि तिच्यावर निवडणुका लढवणाऱ्यांविषयी मला तिटकारा आहे. पण त्याचे २००८ चे मत खोटे होते, असे मी म्हणू शकत नाही, कारण मग माझेही म्हणावे लागेल. एकाच माणसाच्या एका हाताने स्टिकर लावले आणि दुसऱ्याने बटण दाबले. त्यातला कोणता हात मतदानाच्या दिवशी पुढे येईल, हे प्रचारात कुणी काय चाळवले, यावर ठरते. हे उत्तर त्याला फार सवलत देते, असे माझी मुलगी म्हणते. तिचे म्हणणे मला खोडता आलेले नाही. माझ्या लॉकने फक्त एका माणसाचा अपमान झाला, त्याच्या मताने बरेच काही झाले.

काळ्या-गोऱ्यांच्या समेटाबद्दलही तुम्ही विचारता, म्हणून एवढे सांगते. फेब्रुवारी २०१९ मध्ये आमचे तेव्हाचे गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांच्या वैद्यकीय कॉलेजच्या १९८४ च्या वार्षिक अंकात, त्यांच्या पानावर, तोंडाला काळे फासलेल्या एका माणसाचे आणि कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेचा झगा घातलेल्या दुसऱ्याचे छायाचित्र सापडले. त्या छायाचित्रात आपण असल्याचे त्यांनी आधी कबूल केले आणि दुसऱ्या दिवशी नाकारले. त्यांनी ताबडतोब राजीनामा द्यावा, असे मी तावातावाने म्हणत होते. त्या चर्च हिलच्या गृहस्थाची भेट एका दुकानात झाली तेव्हा तो म्हणाला, "गेला तर सुटला. राहिला तर आमचा देणेकरी राहील." नॉर्थम राहिले. २०२१ च्या मार्चमध्ये त्यांच्या सहीने व्हर्जिनियाने फाशीची शिक्षा रद्द केली, दक्षिणेत असे करणारे ते पहिले राज्य, आणि सप्टेंबरमध्ये रिचमंडच्या मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवरून यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूच्या दक्षिणेचे सेनापती असलेल्या जनरल ली यांचा पुतळा उतरला. दोनच महिन्यांनी शाळांतून वर्णाविषयी काय शिकवावे याची भीती पेटवणाऱ्या प्रचाराने गव्हर्नरपदाची पुढची निवडणूक जिंकली, आणि त्याच निकालात एक काळी स्त्री रिपब्लिकन पक्षातर्फे उपगव्हर्नर झाली. यातून मामांना हवा तो निष्कर्ष काढावा, भाच्याने त्याला हवा तो.

मी अजून चर्च हिलला जाते. जुनी होंडा केव्हाच विकली. नव्या गाडीची दारे वेग घेतला की आपोआप बंद होतात, त्यामुळे आता हात बटणाकडे जातो की नाही, ते मला कळत नाही.