आमची वाटचाल : मोराच्या विळीची १५ वर्षं

बेळगावच्या उद्यमबागेतली आमची फौंड्री आबांनी एका भट्टीवर सुरू केली. पंपाची कव्हरं, मोटारीचे पाय, येईल ते ॲल्युमिनियममध्ये ओतायचं. जॉबवर्कच सगळं, दर ठरवणार गिऱ्हाईक.

२००९ मध्ये पहिल्यांदा स्वतःचा माल काढला, घडीची विळी. पाट मोराच्या अंगासारखा, मान उचललेली. बाजारात दाखवायच्या आधी डिझाइन नोंदवा, असं वकिलांनी बजावलं. एकदा लोकांसमोर आलं की नवेपण संपतं. म्हणून त्या वर्षी आबांनी यल्लम्माच्या जत्रेत विळी मांडली नाही. बिजागरीची करामत मात्र त्या नोंदणीत बसली नाही. डिझाइनचा कायदा दिसण्यापुरता, चालण्याला पेटंट लागतं.

संरक्षण १० वर्षांचं, मुदतीआधी अर्ज केला तर आणखी ५. तो अर्ज आम्ही २०१९ मध्ये शेवटच्या आठवड्यात भरला, फाईल लग्नपत्रिकांच्या ढिगाखाली गेली होती! २०२४ मध्ये १५ वर्षं भरली. त्यापुढे वाढ नाही, आणि तोच आकार नव्याने नोंदवताही येत नाही.

सहा महिन्यांत गणपत गल्लीतल्या दुकानदाराचा फोन. "मालक, तुमचीच विळी हाय न्हवं ही? शंभर रुपये कमी कशी ओ?"

आणून मोजमापाचा व्हर्नियर लावला. आमचा पाट ३०० मिलिमीटर, हा २९६. लगेच कळलं. आमचाच ओतीव पाट वाळूत दाबून साचा घेतलेला. ॲल्युमिनियम थंड होताना शेकडा सव्वा-दीड टक्का आखडतं. पात्याची खाच तेवढीच आवळलेली, पातं तिरकं बसलेलं. मूळ पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, कोरताना पटाशी घसरून मोराच्या मानेवर पडलेला आमचा टवका मात्र जसाच्या तसा.

मी तणतणत वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "नोटीस कशाची देणार? आकार आता सगळ्यांचा." आमचं नाव ट्रेडमार्कमध्ये आहे, दर १० वर्षांनी नूतनीकरण केलं की चालूच राहतं. पण नक्कल करणाऱ्यांनी नाव वापरलेलंच नाही. हुशार माणसं.

पॅटर्नवरचा मुदत संपलेला नोंदणी क्रमांक आम्ही काढून टाकला. त्याच दिवशी मानेवरचा तो टवकाही पुट्टीने भरला, १५ वर्षं राहिलेलं काम. आता गणपत गल्लीत दुकानदार गिऱ्हाइकाला मान दाखवून सांगतो, "टवका हाय ती घेऊ नका, मावशी."