पाडवा, फडके रोड आणि आमची शिट्टी

डोंबिवलीची नववर्ष स्वागतयात्रा आता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. श्री गणेश मंदिर संस्थानने १९९९ साली ती पहिल्यांदा काढली. पुढे ठाणे, गिरगाव करत करत गावोगावी अशा यात्रा निघू लागल्या. नऊवारी, फेटे, लेझीम, ढोल, चित्ररथ यांचे फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. पण गल्लीगल्लीच्या तोंडाशी दोर धरून पहाटेपासून उभी असलेली पोरं त्या फोटोंत नसतात, आणि मला लिहायचंय ते त्यांच्याबद्दल. शाळेत आरएसपीत होते तेव्हापासून मी त्यांच्यातलीच एक.

आरएसपी म्हणजे रस्ता सुरक्षा दल. आमच्या शाळेत त्याचा तास असायचा भर उन्हात, मैदानावर. चुन्याने चौक आखायचा, निम्म्या मुलांनी गाड्या व्हायचं आणि उरलेल्यांनी पोलीस. समोरची गाडी थांबवायची, मागची थांबवायची, दोन्हीकडची एकदम थांबवायची, डावीकडून सोडायची. हात खांद्यातून सरळ वर गेला पाहिजे आणि तळहात गाडीवाल्याला पूर्ण दिसला पाहिजे. कोपरात वाकलेला हात सरांना अजिबात खपत नसे. "हा हात थांब म्हणतोय की टाटा करतोय?" असं विचारायचे आणि पुन्हा पहिल्यापासून करून घ्यायचे. शिट्टीची भाषाही ठरलेली होती. लांब एक म्हणजे थांबा, आखूड दोन म्हणजे चला. उगाच वाजवत राहिलं की लोक लक्ष देईनासे होतात, म्हणून शिट्टी कमीत कमी वाजवायची.

सरांची शिकवण आजही मी नव्या मुलांना जशीच्या तशी सांगते. आधी नजर, मग हात, मग शिट्टी. गाडी थांबली की नाही हे ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरून ठरवायचं नाही, चाकाकडे बघायचं. चाक फिरायचं थांबल्याशिवाय मागच्या माणसांना सोडायचं नाही. कुणी न थांबता अंगावर आलाच तर आपण बाजूला व्हायचं आणि गाडीचा नंबर पोलिसांना द्यायचा. आपण स्वयंसेवक आहोत, पोलीस नाही. कुणाच्या गाडीची चावी काढायची नाही, हँडल धरायचं नाही, आवाज चढवायचा नाही.

आणि एक गोष्ट तर सर दरवर्षी बजावायचे. "'रस्ता बंद आहे' एवढंच म्हणालीस तर समोरचा भांडणारच. पुढचं वाक्य तयार ठेव." पाडव्याच्या सकाळी कुणी श्रीखंड आणायला निघालेलं असतं, कुणी झेंडूची तोरणं घेऊन, कुणी ड्युटीवरून दमून आलेली नर्स असते. बाजीप्रभू चौकातून निवासी विभागाकडे जाणारी रिक्षा आज कुठून मिळेल, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं तर कोण कशाला भांडेल? म्हणून आदल्या दिवशी आम्ही आमच्या गल्ल्या पायी फिरतो. कुठला जिना सुरू आहे, कुठल्या बोळात खोदून ठेवलंय, रिक्षा कुठे हलवल्यात, दवाखाना आणि औषधांचं दुकान कुठे उघडं असेल, सगळं बघून घ्यायचं. वाहतूक शाखेने बंद रस्त्यांची अधिसूचना पेपरात दिलेली असते, पण सणाच्या धांदलीत ती कोण वाचणार? पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून बाण काढलेला बरा.

यात्रा पश्चिमेला भागशाळा मैदानातून निघते आणि रेल्वे ओलांडून पूर्वेला फडके रोडवर येते. पुढे श्रीगणेशाची पालखी, मागे संस्था, शाळा, मंडळं. पालखी येईपर्यंत आमच्या गल्लीत कुणीतरी काकू कडुनिंब-गुळाची चटणी घेऊन खाली उतरतातच. सगळ्यांच्या तळहातावर चमचा चमचा ठेवतात, बंदोबस्तावरच्या हवालदारांनाही. रात्री जागून मुलींनी काढलेली रांगोळी गर्दीच्या पायांपासून वाचवणं हेही आमचंच काम, आणि मला ते फार आवडतं.

खरं कसब लागतं ते यात्रा पुढे सरकत असताना माणसं आडवी पार करण्याचं. दोन पथकांच्या मध्ये फट पडते. लेझीमचं पथक पुढे गेलेलं असतं, मागचा चित्ररथ अजून वळत असतो. त्या वेळात दोर खाली करायचा, दहा-पंधरा जणांना सोडायचं, पुन्हा दोर वर. म्हाताऱ्या माणसांना आणि कडेवर मूल असलेल्यांना आधी. सोडण्यापूर्वी समोरच्या दोरवाल्याने हात वर केलेला दिसला पाहिजे, नाहीतर इकडची माणसं मध्येच अडकतात. मोबाइल असूनही हे काम हातानेच होतं. ढोल वाजत असताना फोनवर काय ऐकू येणार?

एका वर्षी भर यात्रेत १०८ची गाडी आली. अशा वेळी नवखा मुलगा गाडीपुढे धावत लोकांना ढकलू लागतो. ते करायचं नसतं. गर्दी नेहमी लांबच्या टोकाकडून मोकळी करत यायची. पुढच्यांना जागा झाल्याशिवाय मागचे हटणार कुठे? आम्ही तसंच केलं. पथकाच्या प्रमुखाने हात वर केला आणि ढोल एकदम थांबले. ध्वज धरलेल्या मुलीने काठी उभी करून छातीशी घेतली, ताशेवाल्यांनी ताशे डोक्यावर धरले, बायकांनी लेकरांना आपल्या अंगाशी ओढलं. सायरनही न वाजवता गाडी मधून निघून गेली. पलीकडच्या टोकाच्या दादाने हात हलवला, तेव्हाच दोर पुन्हा ताणले. गाडीत कोण होतं कळलं नाही. पण त्या पथकाबद्दल मला जो आदर वाटला तो आजही वाटतो.

एका बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. नऊवारी नेसून बुलेटवर येणाऱ्या मुलींचा मला मनापासून अभिमान आहे. काष्टा घट्ट बसवून त्या किती सराईतपणे गाडी काढतात! पण फेट्याखाली हेल्मेट मावत नाही, म्हणून ते घरी राहतं. मिरवणूक संगतीने हळू चालते हे कबूल. तरी येताना आणि घरी परतताना त्या मोकळ्या रस्त्यावर असतात. हेल्मेट घालून या, फेटा इथे येऊन बांधा, बांधून देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

२०२० साली पाडवा २५ मार्चला आला, देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. यात्रा नव्हती. आमच्या ग्रुपवर सकाळी सगळ्यांनी आपापल्या गुढ्यांचे फोटो टाकले आणि एकाने शिट्टीचा. पुन्हा यात्रा निघाली तेव्हा शाळेतली नवी मुलं आली होती, जुन्यांपैकी काही जण आपल्या लेकरांचा हात धरून.

येत्या पाडव्यासाठी मुलं हवीच आहेत. शाळेत आरएसपी केलेलं असेल तर उत्तम, नसेल तर आम्ही शिकवू. घरच्यांची परवानगी घेऊन या. पायात बूट हवेत, चपला नकोत. टोपी आणि पाण्याची बाटली आणा, सकाळी काहीतरी खाऊन निघा. शिट्टी आणि दोर आम्ही देतो. आदल्या संध्याकाळी गल्ल्या फिरायला मात्र यावंच लागेल.