नाताळच्या सेलातलं आप्पांचं टेबल

चर्चच्या महिला मंडळाचा नाताळचा सेल डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी भरायचा, बेळगावच्या कॅम्प भागात. आमच्या घरी त्याची तयारी सुरू व्हायची ती भाताची कापणी उरकल्यावर. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात तोवर विळ्यांना धार लावून आप्पांचे हात भरून आलेले असायचे. मग महिनाभर भट्टी सेलसाठी. भाता ओढायला मी.

पहिल्या वर्षी आम्ही कोयते, खुरपी, कुऱ्हाडी नेल्या होत्या. एसटीत पोत्यांचं लगेज भरून. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपवून आलेली माणसं केक, नेवऱ्या, कुलकुलं घेत होती. कुऱ्हाड कोण घेणार? संध्याकाळपर्यंत चार उलथणी आणि एक खवणी गेली. मंडळातल्या एक टीचर टेबलाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, घरात लावायचं, टांगायचं काही करा की. हाताला कसब आहे तुमच्या." ते बोलणं आप्पांनी वर्षभर मनात ठेवलं.

पुढच्या वर्षी त्यांनी पानाच्या आकाराचे, वस्तू टांगायचे आकडे (हुक) केले. १० मिलिमीटरची सळी तांबडी लाल करून आधी टोक काढायचं. मग ऐरणीच्या कडेवर देठ बारीक करायचा, पुढचा भाग सपाट ठोकायचा आणि छिन्नीनं मधली शीर आणि बाजूच्या शिरा उमटवायच्या. शेवटी लाकडाच्या ठोकळ्यातल्या खोबणीत ठेवून हलकेच दाबायचं, की लाकडातून धूर निघतो आणि पान मधोमध खोलगट होतं, खऱ्या पानासारखं. एका आकड्याला पाच-सहा वेळा भट्टी लागते. आप्पा एकसारखी पानं कधीच करत नसत. एखादं टोकाशी मुडपलेलं, एखादं आंब्याच्या पानासारखं लांबट.

त्याच वर्षी आमच्या चुकीनं फार नुकसान झालं. शनिवारी रात्री माल टेबलावरच ताडपत्रीखाली ठेवला. बेळगावातलं डिसेंबरचं दंव! सकाळी पाहतो तर सगळ्या पानांवर गंजाची तांबूस बुरशी आलेली. आप्पा काही बोलले नाहीत. धोतराच्या सोग्यानं एकेक पान पुसत बसले. तेव्हापासून प्रत्येक वस्तूला मधमाशांचं मेण लावायचं ठरलं. लोखंडाची लाली गेलेली, पण चटका बसेल इतकी धग असते, तेव्हाच ते लावायचं. जास्त तापलेलं असेल तर मेण जळून जातं, निवलेलं असेल तर वरवर चिकट राहतं. नीट लागलं की काळ्यावर मंद तुळतुळीत झाक येते. तो वास आजही आला की मला नाताळ आठवतो.

घरी आप्पा फारसे बोलत नसत. त्या टेबलामागे मात्र वेगळेच व्हायचे. मराठी, कोकणी, कन्नड, ज्याला जे येईल त्यात उत्तर द्यायचे. लोक विचारायचे, पान उचलून वजन बघायचे. गावच्या बाजारात भावाशिवाय कोणी काही विचारत नाही, इथं "हे कसं केलंत?" हा पहिला प्रश्न असायचा.

त्यासाठी त्यांनी पोलादाची एक घासून चकचकीत केलेली पट्टी करून आणली होती. एका टोकाकडून तापवल्यामुळे तिच्यावर ओळीनं रंग उतरले होते: गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. पोरं विचारायची, रंग कुठला लावलाय? आप्पा सांगायचे, रंग लावलेला नाही, उष्णतेनंच तो आलाय. गवती झाक साधारण २३० अंशांवर, निळी ३०० च्या आसपास. सुरीला कडक धार हवी म्हणून गवती रंगाला थांबवायचं. स्प्रिंगला लवचीकपणा हवा म्हणून निळ्यापर्यंत जाऊ द्यायचं. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पट्टीतून ते केकची सुरी करत. मुठीजवळ पंचानं तीन ठिपके मारत. तेवढीच त्यांची सही.

मधल्या वेळी त्यांना चर्चच्या फाटकापाशी जायचं असे. बेळगाव धर्मप्रांत १९५३ सालचा. हे चर्च त्याआधीचं, आणि फाटकावर वेल्डिंगचा एकही टाका नव्हता, सगळं रिव्हेटांवर, म्हणजे ठोकून बसवलेल्या लोखंडी खिळ्यांवर, उभं. आप्पा त्या रिव्हेटांवरून अंगठा फिरवत. "बघ," म्हणत, "डोकं कसं गोल बसवलंय."

आता टेबलामागे मी असतो. गेल्या सेलात टीचरांची नात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी घेऊन आली, धार लावायला. टीचर दरवर्षी आणत, आणि आप्पा पैसे घेत नसत. मीही घेतले नाहीत. इतक्या वर्षांत घासून घासून पातं अरुंद झालंय. पहिल्यांदा दोन बोटं अंतर होतं. आता धार त्या तीन ठिपक्यांपासून करंगळीच्या जाडीइतकीच लांब उरलीय.