शेरा : कार्यालय कपाट

सार्वजनिक ग्रंथालयातला 8 मार्च कसा असतो हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. बॅनर, दीपप्रज्वलन, सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार, एक पाहुण्या, हळदीकुंकू, वेफर्स आणि पेढा, शेवटी फोटो. खरा कार्यक्रम फोटोचाच. तो वार्षिक अहवालाला जोडला जातो आणि तपासणीच्या वेळी फाइलमध्ये सापडला म्हणजे झालं. 3 जानेवारीचं, सावित्रीबाईंच्या जयंतीचं बॅनर तारखेवर कागद चिकटवून मार्चमध्ये पुन्हा वापरल्याचंही मी पाहिलंय. पाहुण्या दरवर्षी तेच सांगतात: सावित्रीबाईंनी शेणगोळे झेलले म्हणून आज आपण इथे आहोत. खोटं काहीच नाही त्यात. पण त्या माउलीने शाळेत काय शिकवलं, तिच्या शाळेतल्या मुलींनी पुढे काय लिहिलं, यावर एक वाक्य येत नाही. समोरच्या बायका मान डोलावतात आणि पर्समध्ये किल्ली शोधू लागतात.

यंदा मी कार्यवाहांना म्हटलं, पाहुण्या नकोत. मानधनाच्या पैशात झेरॉक्स काढू आणि आपल्याच बायकांकडून अभिवाचन करून घेऊ. सोबत दोन टेबलं प्रदर्शनाची. एकावर आपल्या संग्रहातली बायकांनी लिहिलेली जुनी पुस्तकं, दुसऱ्यावर आपल्या जुन्या नोंदवह्या. कार्यवाहांनी "वह्या कोण बघणार?" एवढंच विचारलं आणि पाहुण्यांचा खर्च वाचतोय हे लक्षात आल्यावर मंजुरी दिली.

पुस्तकं काढताना मजा आली. आमच्या तळघरात अजून जुन्या तालिकापत्रांचे, म्हणजे प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीच्या कार्डांचे, लाकडी खण आहेत. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, 1910 चं पुस्तक, गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना असलेलं. ते शोधायला ‘स्त्रिया’ या खणात गेले तर नाही. सापडलं ‘चरित्र : रानडे, महादेव गोविंद’ या पत्राखाली. चुकीचं म्हणता येत नाही, कारण बाईंनी नवऱ्याच्या आठवणी म्हणूनच लिहिलंय. पण त्या घरातल्या बायकांच्या नाराजीला तोंड देत अकरा वर्षांची लग्न झालेली मुलगी अक्षरं कशी गिरवते, हे त्या पत्रावरून कुणाला कळणार? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी आली. तिचीही सुरुवात नवऱ्याच्या, रेव्हरंड टिळकांच्या चरित्रासाठी लागणाऱ्या आठवणींपासूनच झाली. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 ची. आमच्याकडे आहे ती संशोधक स. गं. मालशांनी 1975 साली शोधून पुन्हा छापलेली. तिच्या मागच्या तारीख चिठ्ठीवर मोजके शिक्के आहेत, आणि तेही एम.ए.च्या परीक्षांच्या आसपासचे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये आलेला. तो कुठल्याच कपाटात नसल्यामुळे झेरॉक्स.

आता वह्यांबद्दल. इथे मला जरा लांबण लावू द्या, कारण या वह्यांचा मला गर्व आहे. आमचे एक जुने ग्रंथपाल होते. सभागृहात त्यांची तसबीर आहे. पन्नास आणि साठच्या दशकातल्या आमच्या सगळ्या नोंदी त्यांच्या हातच्या. दाखल नोंदवहीत एका ओळीत दाखल क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, कुठून घेतलं, बिल क्रमांक आणि शेवटी शेरा. कुठे खाडाखोड नाही, कुठे शाई फुटलेली नाही. देवघेव वहीत रोजचं पान वेगळं, प्रत्येक नेणाऱ्याची सही, परत आल्यावर लाल शाईत तारीख. आज आम्ही सॉफ्टवेअर वापरतो. वीज गेली की दुपारची देवघेव बंद. त्या वहीला साठ वर्षांत एकदाही वीज लागली नाही.

प्रदर्शनासाठी त्या काळच्या महिला सभासद शोधल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दोन शिक्षिका, सरकारी दवाखान्यातल्या एक नर्स, एक मामलेदारांच्या पत्नी. आजच्या नोंदवहीत महिला सभासदांची संख्या कितीतरी मोठी दिसते, पण त्यातल्या बऱ्याच जणींनी ग्रंथालयाची पायरी चढलेली नाही. अहवालात महिला सभासदांचा रकाना असतो, तो रिकामा दिसू नये म्हणून घरोघरच्या बायकांची नावं चढतात आणि पुस्तकं नेतात त्यांचे नवरे. रहस्यकथा नेणाऱ्या एका काकांचं खातं सुनेच्या नावावर आहे. सूनबाई पुण्यात असतात.

कार्यक्रम चांगला झाला. शाळेतल्या मुलींनी मुक्ता साळवेचा निबंध वाचला. चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलेलं चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकताना सभागृहात चुळबूळ थांबली. रमाबाई वाचल्या आमच्या भिशी मंडळातल्या एका काकूंनी. नवऱ्याचं नाव न घेता रमाबाई जिथे जिथे ‘स्वतःकडून’, म्हणजे ‘तिकडून’, असं लिहितात तिथे बायका खळखळून हसल्या. बेबीताई कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’ या दलित आत्मकथनातली पानं आमच्या सहायक बाईंनी वाचली. त्या देवघेव, झाडलोट, पोस्ट, सगळंच बघतात. 1986 चं पुस्तक. बेबीताई फलटणला दुकानात बसून, मालाच्या पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. सहायक बाईंनी माइक बाजूला सारला आणि नुसत्या आवाजात वाचलं. त्या दिवसातलं सर्वांत चांगलं वाचन ते.

चहाच्या वेळी वह्यांच्या टेबलाशी एक आजी नातसुनेला धरून उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. मी पुढे झाले तर त्यांचं बोट पानावर होतं.

"214. हे आमचं खातं."

नाव पुरुषाचं होतं. मी विचारलं, मिस्टरांचं का?

"मामंजींचं. ते केसरीशिवाय काही वाचत नसत. वाचायचो मी आणि थोरल्या जाऊबाई."

मग खुर्ची आणून दिली आणि त्या सांगत बसल्या. तेव्हा मुक्तद्वार पद्धत नव्हती. कपाटं बंद, छापील यादीतून नाव शोधायचं आणि मागायचं. बायका खिडकीशी येत नसत. धाकटे दीर शाळेतून येताना पुस्तक आणायचे. त्यांच्या दप्तरात चिठ्ठी द्यायची, चिठ्ठीत पाच नावं, त्यातलं असेल ते ग्रंथपाल देणार. वहीत सही दिराची, अक्षर पाचवीतल्या मुलाचं, खातं साठीच्या गृहस्थांचं. मी पान उलटत होते आणि त्या एकेका ओळीवर सांगत होत्या. हे जाऊबाईंनी मागवलेलं. हे बाळंतपणात वाचलं. हे मला कळलंच नाही, पण परत करायचं जिवावर आलं म्हणून दोन आणे दंड भरला.

"एका वर्षी उत्कृष्ट वाचक म्हणून मामंजींचा सत्कार केला बरं का तुमच्या लायब्ररीने. शाल आणि नारळ. शाल त्यांनी ठेवली. नारळ आमच्यापुढे ठेवून म्हणाले, फोडा, तुमचाच आहे."

बायका हसल्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करायला लागलं तशी आजींनी पदर सावरून गप्प राहणं पसंत केलं. मी म्हटलं, आजी, स्टेजवर येऊन हेच सांगाल का? नाही म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "ते विभावरी शिरूरकरांचं आहे का गं अजून? ‘कळ्यांचे निःश्वास’? मी चिठ्ठीत दर वेळी पहिलं तेच लिहायची. दर वेळी निरोप यायचा, बाहेर गेलंय."

‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 चं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं बोलणाऱ्या गोष्टी. टोपणनावाने आल्या आणि गहजब झाला. ही बाई कोण, बाई तरी आहे का, इथपर्यंत. त्या बाळूताई खरे, नंतरच्या मालतीबाई बेडेकर, हे पुढे सगळ्यांना कळलं. पण आजी सासरी आल्या तोवर या गहजबाला पाव शतक उलटून गेलं होतं.

संध्याकाळी खुर्च्या आवरताना सहायक बाई म्हणाल्या, "मॅडम, आजींचं वाचन सासऱ्याच्या नावाखाली तरी सापडलं. मी आमच्या वस्तीतलं कुणी दिसतंय का बघत होते. पुरुषांतसुद्धा एक नाव नाही."

मी जुना सभासद अर्ज काढला. अनामत होतीच, पण खाली छापलेलं होतं: दोन विद्यमान सभासदांची शिफारस. कुणी कुणाला नाही म्हणायची गरजच नव्हती. अर्ज तिथेच अडत होता. बाईंनी अर्ज वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "पुढच्या वेळी हा पण टेबलावर ठेवा," म्हणाल्या.

आजींनी विचारलेलं ‘कळ्यांचे निःश्वास’ आमच्याकडे होतं. बांधणी नव्याने झालेली, त्यामुळे मागची जुनी तारीख चिठ्ठी गेलेली. बाइंडर पहिल्यांदा तीच फाडतात. कितीही सांगा, पुस्तकाचा अर्धा इतिहास ते कात्रणात टाकतात. म्हणून मग दाखल क्रमांक घेऊन देवघेव वह्या चाळायला बसले. आजींनी सांगितलेल्या वर्षांतलं पानन् पान. एकाही दिवशी तो क्रमांक बाहेर गेलेला नाही. आधीच्या काळात गेलाय, नंतरच्या ग्रंथपालांच्या काळात तर सारखा. मधली वर्षं कोरी.

शेवटी दाखल नोंदवहीतली मूळ ओळ काढली. लेखक, ग्रंथनाम, किंमत, सगळं व्यवस्थित. शेऱ्याच्या रकान्यात त्याच मोत्यासारख्या अक्षरात दोन शब्द: "कार्यालय कपाट."

म्हणजे पुस्तक त्यांच्या खुर्चीमागे, किल्ली त्यांच्या खिशात, आणि दप्तर घेतलेल्या पोराला उत्तर, बाहेर गेलंय.

या गृहस्थांना मी ओळखत नाही. पण त्यांच्या वह्यांवर मी नोकरी शिकले. आजही नवीन मुलीला कामावर घेतलं की मी पहिल्यांदा त्यांचं पान दाखवते. म्हणून मला राग कुठे ठेवावा ते कळत नाहीये. चिठ्ठी बाईच्या अक्षरात आहे हे त्यांना दिसत होतं. खातं 214 कोण वाचतं हे त्यांना पक्कं ठाऊक असणार, आणि तरी सत्कार सासऱ्यांचा. की ठाऊक होतं म्हणूनच खातं कधी अडवलं नाही, आठवड्याला पुस्तक जात राहिलं? एखाद्या तालेवार सभासदाने तक्रार केली असेल आणि नोकरी सांभाळायला त्यांनी पुस्तक कपाटात घातलं असेल? असेलही. पण खोटं बोलणारा माणूस शेऱ्यात खरं लिहून ठेवतो, हे काय आहे? तो रकाना कोरा सोडला असता तर मला कधीच काही कळलं नसतं. आमच्यातले बहुतेक जण कोराच सोडतात.

आजींकडे पुस्तक मी स्वतः नेऊन दिलं. सोबत नवीन सभासद अर्ज, त्यांच्या नावाचा, शिफारस वगैरे काही नाही. त्यांनी पुस्तक घेतलं, अर्ज नाही. "214 च चालू कर. अनामत भरलेली आहे ना? मग दुसरं खातं कशाला?" मी समजावून पाहिलं. आजी, तुमच्या नावावर हवं. त्या म्हणाल्या, "जाऊबाई गेल्या. त्या खात्यावर आम्ही दोघी होतो. माझ्या एकटीच्या नावावर काय करू?"

सॉफ्टवेअर मृत सभासदाचं खातं उघडू देत नाही. मी हाताने वहीत लिहिलं. तपासणीत विचारतील तेव्हा बघू.

कपाटाचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगावं की नाही हे ठरेना, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी नातसुनेबरोबर पुस्तक परत पाठवलं. निरोप होता: "एवढंच होतं होय? याहून जास्त तर मी आणि जाऊबाई माजघरात बोलायचो."

सहायक बाईंना हा निरोप इतका आवडला की आता कुणी पुस्तक परत केलं की त्या विचारतात, "एवढंच होतं होय?"

मंडळाची बैठक झाली. पुढच्या वर्षी आमची स्मरणिका निघतेय आणि त्या जुन्या ग्रंथपालांवरचा लेख माझ्याकडे आलाय. कार्यवाह म्हणाले, त्यांच्या अक्षरावर लिहा, शिस्तीवर लिहा, एखाद्या पानाचा फोटो द्या. 214 चं आणि शिफारशीच्या अर्जाचं मी बैठकीत सांगितलं. एका सदस्यांनी "त्या काळी असंच होतं" म्हणून विषय मिटवला. हे वाक्य आमच्या मंडळात इतिहासावरचं शेवटचं वाक्य असतं. दुसऱ्यांनी विचारलं, आजींचा फोटो 8 मार्चच्या अहवालात लावता येईल का.

लेख अजून पूर्ण नाही. अक्षराबद्दल लिहून झालंय, आणि ते मनापासून लिहिलंय. फोटोसाठी दाखल नोंदवहीतलं तेच पान दिलं. परवा प्रेसमधून मुलाचा फोन आला, पान रुंद आहे, चौकटीत बसत नाही, उजवीकडचा शेऱ्याचा रकाना कापू का? म्हटलं, किंमत आणि बिल क्रमांक कापा हवं तर.