बुधवारची वही

रविवार, रात्री पावणेबारा

काल नाशिकच्या सिडकोत साडूंच्या पुतण्याची हळद होती. डीजेवाल्यानं स्पीकरची भिंतच उभी केली होती. ताटातलं वरण थरथरत होतं, म्हणजे बघा. मी साडूंच्या कानात ओरडलो, "गाणी राहिली नाहीत हो आता." साडूंना ऐकू गेलं नाही, लेकीला गेलं. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "बाबा, कंपनीत तुम्ही एक पीस बघून अख्खा लॉट रिजेक्ट करता का?"

अंबडला कंपनीच्या क्वालिटीत, म्हणजे माल तपासणीत, सव्वीस वर्षं झाली. मायक्रोमीटर आणि गेज यांच्यापलीकडे मला फारशी अक्कल नाही, पण सॅम्पलिंग कशाशी खातात ते कळतं. उत्तर सुचेना, म्हणून तिला म्हणालो, "समोर बघ." गाडी मी चालवत होतो.

आज पंचवटीच्या जुन्या घरी माळा रिकामा करायचा होता. भाऊ आणि मी सकाळी नऊलाच गेलो. तांब्याचा बंब, मोडका पाळणा, दिवाळी अंकांचे गठ्ठे. त्याच गठ्ठ्यांत अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, वही सापडली. लांबट, हिशेबाच्या वहीसारखी, लाल पुठ्ठ्याची. आत जमाखर्च नाही, गाणी. दर बुधवारी रात्री आठला श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर हिंदी सिनेगाण्यांची बिनाका गीतमाला लागायची. तिची प्रत्येक आठवड्याची यादी अण्णांनी शाईच्या पेनानं उतरवली आहे. कोणतं गाणं कितव्या पायदानवर, गेल्या बुधवारी कुठं होतं, वर चढलं की उतरलं. १९५८ ते १९६३. मधे एक महिना कोरा, कारण त्यांना टायफॉइड झाला होता, हे भावाला माहीत होतं.

खाली ओट्यावर बसून मी एक पान नीट वाचलं. सोळा गाणी. त्यातली ओळखीची पाच. दुसऱ्या पानावर सहा. मग चाळाच लागला, वीस पानं मोजली. सात-आठच्या वर आकडा एकदाही गेला नाही. मी जुन्या गाण्यांवर पोसलेला माणूस. रोज सकाळी दाढी करताना विविध भारती लागते. आणि ही काही कोपऱ्यात पडलेली गाणी नव्हेत, त्या त्या आठवड्यात देशभर गाजलेली. तरी निम्म्याहून अधिक मी नावानंही ओळखत नाही. काहींचे मुखडे वाचूनच कळतं का ते. चंदा, सितारे, बहार, बेकरार, शब्द तेच, नुसती जागांची अदलाबदल.

आमच्या कंपनीच्या भाषेत सांगायचं तर हे असं. रिजेक्शनचा माल भंगारात घालायचा आणि उरलेला दाखवून सांगायचं की या लॉटमध्ये खोट नाही. जुन्या काळाचा लॉट मी आयुष्यभर असाच पास करत आलोय. आणि नव्याचा मात्र सगळा माल, भंगारासकट, रोज माझ्या दारात उतरतो.

वहीत शेवटी दुमडलेला एक कागद आहे, आजोबांच्या अक्षरात. एकच ओळ: 'बुधवारी रात्री रेडिओ लागणार नाही.' खाली सही. घरातल्या घरात नोटीस! आजोबांना सिनेमाची गाणी म्हणजे पोरं बिघडवायचा धंदा वाटायचा. 'गीतरामायण' मात्र त्यांना पाठ. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गाणी आठवड्याला एक अशी लागली, तेव्हा शेजारचे लोकही आमच्या ओसरीवर येऊन बसायचे म्हणे. आजोबांच्या बाजूनं दिल्लीही होती. १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांनी (हे मूळचे पुण्याचेच) आकाशवाणीवरची सिनेगीतं जवळजवळ बंद केली. लोकांची अभिरुची सुधारायची होती. लोकांनी काय केलं? सुई फिरवून सिलोन लावलं. शेवटी १९५७ साली सरकारला विविध भारती काढावी लागली. आज ज्यांना आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्या वर्षांतली गाणी सरकारला प्रसारणाच्या लायकीची वाटत नव्हती. हे मी वाचलं होतं कुठंतरी, पण आजोबांची नोटीस हातात धरल्यावर वेगळंच वाटलं.

मग आजोबांचं काय? त्यांच्या ट्रंकेत नाटकांची पुस्तकं होती, तीही आज खाली आली. संगीत नाटकांची, पिवळी पडलेली, वाळवीनं कड खाल्लेली. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात छापलेलं, 'चाल :' आणि पुढं दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे पहिले शब्द. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा साकी, दिंडी, लावणी, कानडी पदं, जे कानात होतं त्यावर शब्द बसवले. पुढं 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, ते १९११. म्हणजे मराठी माणूस ज्याला अस्सल म्हणून डोळे मिटतो, त्याच्या कपाळावरच लिहिलंय की चाल उसनी आहे. फरक एवढाच की लिहिलंय. नंतरच्या हिंदी सिनेमावाल्यांनी परदेशी रेकॉर्डींवरून चाली उचलल्या, त्यांनी कंसबिंस काही छापला नाही.

आणि आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डक. हजारो गाणी त्या माणसानं लिहिली. सुरुवात झाली ती हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या विडंबनानं. चाल दुसऱ्याची, आग स्वतःची. काल हळदीत मधेच एक भीमगीत लागलं तेव्हा पेंडॉलच्या मागं भांडी घासणारी बाई हात न थांबवता शब्दन् शब्द म्हणत होती. तिला चाल कुठून आली याच्याशी काय करायचंय?

दुपारी जेवताना लेकीनं दोन अभ्यासांची माहिती पाठवली. क्वालिटीवाल्याला आकडे दिले की गप्प बसतो, हे तिला ठाऊक आहे. २०१२ साली स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० मधली साडेचार लाखांवर पाश्चात्त्य गाणी संगणकातून काढली. स्वरांच्या जोडण्यांतलं वैविध्य घटत गेलं, वाद्यांचे पोत एकसारखे होत गेले आणि आवाज वाढत गेला, असा निष्कर्ष. मी खूश. दुसरा अभ्यास २०१५ चा, लंडनचा. अमेरिकेच्या टॉप शंभरमधली १९६० ते २०१० ची सतराएक हजार गाणी. त्यांना सलग घसरण दिसलीच नाही. १९६४, १९८३ आणि १९९१ च्या आसपास तीन मोठी वळणं दिसली. सगळ्यात एकसुरी काळ कोणता, तर १९८६ च्या सुमाराचा, ड्रम मशीनच्या भराचा.

१९८६ मध्ये मी तेरा वर्षांचा होतो. मेनरोडला यादी देऊन कॅसेट भरून घ्यायचो. तोच माझा सोन्याचा काळ! अर्थात ही गाणी तिकडची, इकडच्या मालाला ते सर्टिफिकेट चालणार नाही. पण एकाच जॉबला दोन इन्स्पेक्टर दोन निकाल देतात तेव्हा आधी मापं तपासायची असतात, आवाज चढवायचा नसतो.

तरीही काही तरी कमी झालंय. हे मी लिहून ठेवतोच, लेक काही म्हणो.

अंतरा गेलाय. जुन्या गाण्यात मुखडा झाला की वादकांचा पीस यायचा, सतार किंवा व्हायोलिनं, आणि त्या पिसाच्या शेवटी माणूस श्वास धरून बसायचा की आता अंतरा कुठल्या सुरावर उचलणार. ते बसणं गेलं. आता गाणं सुरू होतानाच सगळा माल समोर ओततात. लेक म्हणते, ॲपवर तीस सेकंद ऐकलं तरच गाणं वाजलं असं धरतात, मग कोण थांबणार पिसासाठी? पटलं. पण मग अण्णांची तीन-साडेतीन मिनिटांची गाणी तरी कुठं स्वेच्छेनं तेवढी होती? रेकॉर्डच्या तव्याच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. मर्यादा तेव्हाही कंपनीचीच. त्या तीन मिनिटांत अंतरा बसत होता, तीस सेकंदांत बसत नाही, माझी तक्रार एवढीच.

दुसरी तक्रार आवाजाची. संध्याकाळी लेकीनं लॅपटॉपवर दोन गाण्यांचे आलेख दाखवले. जुन्याचा डोंगरदऱ्यांचा, नव्याचा म्हणजे कापून ठेवलेली वीट. हळू असं काही उरलेलंच नाही. सगळं एकाच मापाला घासलेलं. सुराचंही तेच. आवाज सुरात आणणारं ऑटोट्यून १९९७ साली आलं, ते बनवणारा माणूस आधी जमिनीखालचं तेल शोधायच्या तंत्रात होता. हे मात्र मला मनापासून आवडलं. आमच्यासारखाच कॅलिब्रेशनवाला. पण गळ्याला टॉलरन्स, थोडं मागंपुढं चालण्याची मुभा, असतो बाबा, शून्य मायक्रॉनला आणून काय मिळवायचं!

आणि खरी चीड कशाची आली तर ती ढोलाची. काल मधेच घोषणा झाली, "आता नाशिक ढोल!" आणि डीजेवाल्यानं बोटानं एक पॅड दाबलं. नाशिकमध्ये, नाशिक ढोल, मेमरी कार्डातून. लेक स्वतः पथकात वाजवते, गणपतीआधी महिनाभर तळहाताला पट्ट्या असतात. ती काही बोलली नाही, पाणी प्यायला निघून गेली.

पण त्यानंतर लागलं एक अहिराणी गाणं. साडू सटाण्याकडचे, हळदीला सगळं कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) लोटलेलं. लुगड्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा उठल्या. गाणं याच वर्षातलं, तिकडच्याच पोरांनी केलेलं, म्हणाले. सासू-जावयाची थट्टा, ठेका साधा, पण शब्द असे ताजे की मला निम्मेच कळून हसू आलं. अण्णांच्या काळात ही भाषा रेडिओवर किती वेळा ऐकू आली असेल? हे काल साडूंच्या कानात ओरडायला हवं होतं, नेमकं तेव्हा मी जिलेबीकडं होतो.

आता घरात सगळे झोपलेत. वहीच्या एका पानावर समासात अण्णांनी लिहिलंय: 'दोन आठवड्यांत उतरलं. चांगलं होतं.' बाकी वहीत स्वतःचं मत कुठंच नाही. ते गाणं यूट्यूबवर शोधलं. आहे. कुणीतरी खरखरीसकट चढवलंय, आतापर्यंत चारशेबारा जणांनी ऐकलं. मुखडा अगदीच बेताचा. पण अंतऱ्यात दुसऱ्या ओळीला चाल अचानक खाली बसते, पायरी चुकल्यासारखी, आणि सावरून वर येते. तीन वेळा ऐकलं.

लिंक लेकीला पाठवली. झोपली असेल असं वाटलं होतं, लगेच निळी टिक आली. मग बराच वेळ काही नाही. मग: "चाल कुणाची आहे?"

वही पुन्हा उघडली. गाणं, सिनेमा, गायक, पायदान. संगीतकाराचा रकाना अण्णांनी आखलेलाच नाही.