संन्यासी मोगरा, संसारी दुधी

देवाला वाहिली जाणारी बरीचशी फुलं संन्यासी असतात, असं माझं अलीकडे मत झालं आहे. मोगरा, अनंत, डबल तगर, डबल जास्वंद, गुलाब. झाडाला फूल येतं ते बी धरण्यासाठी, आणि ही मंडळी नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं करतात. याउलट दुधी, कारलं, वांगं. त्यांची फुलं कुणी देवाला वाहत नाही की गजऱ्यात ओवत नाही, पण संसार करावा तर त्यांनी.

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या चौदाव्या मजल्यावर हे दोन्ही पंथ एकाच बाल्कनीत नांदतात. समोर येऊरचा डोंगर, खाली रस्त्याची कायमची खोदाखोदी. पहिला पंथ सासूबाईंच्या ताब्यात, दुसरा माझ्या.

फूल आतून कसं असतं हे बघायचं तर साधी, पाच पाकळ्यांची लाल जास्वंद घ्यावी. शाळेत तिचाच उभा छेद काढायला लावतात, ते उगाच नाही. देठाशी हिरव्या बारीक पट्ट्यांचं एक कडं, त्याच्या आत निदलांची, म्हणजे कळीला झाकणाऱ्या हिरव्या दलांची वाटी, मग एकमेकींवर पिळा घेतलेल्या पाकळ्या. मधून जी लांब दांडी बाहेर डोकावते ती खरं तर नळी आहे. सगळ्या पुंकेसरांचे, म्हणजे फुलातल्या नर अवयवांचे तळ एकमेकांना चिकटून ती झालेली असते आणि परागकोषांचे पिवळे दाणे तिच्यावर बाहेरून टोचल्यासारखे बसलेले असतात. नळी नखाने उभी चिरली की आतून पांढरा दोरा निघतो. तो कुक्षीवृंत, मादी अवयवाची दांडी. वरच्या टोकाला पाच मखमली लाल ठिपके, त्या पराग झेलणाऱ्या कुक्षी. खालचं टोक थेट अंडाशयात. म्हणजे वधू-वर दोघं एकाच मांडवात हजर, तयारी चोख. शिंजीर पक्षी रोज सकाळी येऊन मध पिऊन जातो. तरीही आमच्या जास्वंदीला बी धरलेलं मी कधी पाहिलं नाही. पिढ्यान् पिढ्या ही जास्वंद फांद्या लावूनच वाढवली गेली, आणि आता ती बहुधा बी धरतच नाही. तिचं मूळ जंगली झाडही कुठे सापडत नाही. आमची जास्वंद सासूबाईंनी माहेरच्या परसातून आणलेल्या फांदीची, ती फांदी आणखी कुणाच्या तरी परसातली. शोधत मागे गेलं तर अख्ख्या आळीच्या जास्वंदी म्हणजे एकच झाड निघायचं.

डबल जास्वंदीची गोष्ट आणखी गमतीची. तिच्या जादा पाकळ्या आकाशातून पडलेल्या नसतात. पुंकेसरांनीच आपलं काम टाकून पाकळीचा वेश घेतलेला असतो. खोटं वाटत असेल तर एक फूल पिंजून बघा. मधल्या एखाद्या चुरगळलेल्या पाकळीच्या कडेला पिवळा परागकोष अजून चिकटलेला सापडतो. अर्धी पाकळी, अर्धा पुंकेसर. दीक्षा घेतली, पण शेंडी राहिली! जर्मन कवी ग्योटेने 1790 मध्येच मांडलं होतं की फुलाचे सगळे अवयव म्हणजे रूप बदललेली पानंच. कवी असून त्याने हे लिहिलं, म्हणून मला तो जास्त आवडतो. पुढे 1991 मध्ये एन्रिको कोएन आणि इलियट मायरोविट्झ या शास्त्रज्ञांनी दाखवलं की फुलाच्या कुठल्या वर्तुळात काय उगवायचं हे जनुकांचे मोजके तीन गट मिळून ठरवतात. त्यातला एक गट गप्प बसला की पुंकेसराच्या जागी पाकळी येते.

रानगुलाबाला पाकळ्या पाचच. आपल्या महापालिकेच्या ‘वृक्षवल्ली’ प्रदर्शनात तो मांडला तर त्याच्यापुढे कोण थांबेल? आपल्याला भरगच्च लागतं. मोगऱ्याचंही तेच: जितका गेंदेदार, तितका गजरा महाग.

झेंडू मात्र पक्का लबाड. दिसतो संन्याशांहून संन्यासी, भगवा आणि भरगच्च, पण ते एक फूल नसतंच. ज्याला आपण पाकळी म्हणतो ते प्रत्येकी एक स्वतंत्र मादी फूल, बुडाशी स्वतःचं अंडाशय असलेलं. मधोमध दाटीने बसलेल्या बारीक नळ्या हीसुद्धा फुलंच, त्यांत नर-मादी दोन्ही. जांभळी नाक्यावरून दसऱ्याला आणलेलं तोरण वाळल्यावर कुंडीत कुस्करून टाकलं की काही दिवसांत रोपांची ही झुंबड उडते.

आता माझा पंथ. समोरच्या काकू परवा दुधीच्या वेलापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “अगं, इतकी फुलं येतायत, पण एकही धरत नाही. औषध मार काहीतरी.” औषध कसलं? ती सगळी नर फुलं होती. दुधीला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात आणि सुरुवातीला येतात ते बहुधा नरच, लांब सडपातळ देठावर. मादी फूल ओळखायला पुस्तक लागत नाही. तिच्या पाकळ्यांखाली करंगळीच्या पेराएवढा लवदार दुधी आधीच तयार असतो. तो अंडाशय. पराग मिळाला तर फुगतो, नाही तर पिवळा पडून गळतो.

पराग नेणार कोण, हा खरा प्रश्न. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे रात्रीचे पतंग. आमच्या मजल्यावर ते फारसे फिरकत नाहीत. म्हणून रात्री जेवणं उरकली की मी मोबाईलचा टॉर्च लावून बाल्कनीत जाते, नर फूल तोडते, त्याच्या पाकळ्या काढून टाकते आणि उरलेला पिवळा दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवते. पुढचं काम परागकणाचं. कुक्षीवर रुजून तो एक सूक्ष्म नळी खाली सोडतो, थेट बीजांडापर्यंत, म्हणजे ज्याचं पुढे बी होतं तिथपर्यंत. एका बीला एक परागकण. काकडी एका बाजूने बारीक आणि वाकडी होते त्याचं एक कारण हेच, काही बीजांडांपर्यंत पराग पोचलेलाच नसतो. भाजीवाल्याकडे वाकडी काकडी दिसली की मी आता ती नाकारत नाही. बिचारीच्या फुलाकडे माशी घाईघाईत येऊन गेली असणार.

वांगं आणि टोमॅटोचं वेगळंच. त्यांचे परागकोष टोकाशी नुसते भोकासारखे किंवा फटीसारखे उघडतात. फूल हललं नाही तर आतला पराग बाहेर पडत नाही. भुंगा फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू गुणगुणवतो, त्या कंपाने पराग झरतो. मध देणाऱ्या माशीला ही कला येत नाही. आमच्याकडे ते काम मुलाचा जुना इलेक्ट्रिक टूथब्रश करतो. देठाला क्षणभर टेकवायचा, बस्स. सासूबाई बघतात आणि म्हणतात, “दात घास हो वांग्याचे.”

त्यांना हे सगळं उकरणं पसंत नाही. खाली सोसायटीच्या कोपऱ्यात औदुंबर आहे, दत्ताच्या पादुका आहेत. दर गुरुवारी त्या प्रदक्षिणेला जातात. मी त्यांना एकदा सांगितलं की, उंबराचं फूल दुर्मीळ वगैरे काही नाही, आपण फळ म्हणतो त्याच्या पोटात शेकडो फुलं असतात. इवलीशी मादी माशी तोंडाच्या चिंचोळ्या भोकातून आत शिरते, शिरताना पंखही गमावते, आतल्या फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या नरांना पंखच नसतात. आतल्या आत माद्यांशी मीलन आणि मग त्यांना बाहेर पडायला वाट कोरून देणं एवढंच त्यांचं आयुष्य.

सासूबाईंनी वाती वळणं थांबवलं नाही. “केंबरं ती,” त्या म्हणाल्या. “उंबर फोडलं की केंबरं निघतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक होतं.”